टपालबाईंच्या घरची खाट

त्या घरात खाट कुठे ठेवायची हे मुलीने ठरवायचं होतं. मुलगी सोळा वर्षांची, वर्षभरासाठी परदेशात शिकायला आलेली, आणि ज्यांच्या घरात खाट यायची होती त्यांच्याच घरी ती गेले आठ महिने जेवत-खात होती. खाटेवर जो माणूस येणार होता तो पुन्हा उठणार नव्हता, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे ती ठरवील तेच त्या माणसाला शेवटपर्यंत दिसणार होतं. एवढी मोठी गोष्ट एका पोरीच्या हातात देणारी माणसं वेडीच म्हणायची. होतीच ती तशी. पण त्यांचं वेड कसलं होतं ते कळायचं तर सुरुवात टपालबाईंपासून करायला हवी.

टपालबाई म्हणजे गावात घरोघर टपाल वाटणारी बाई. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मजबूत, पायाला भिंगरी लावल्यासारखी सदा चालत असलेली. इतर टपालवाल्यांवर कुत्री भुंकतात. इथे कुत्री निमूट बसायची आणि ही त्यांच्यावर ओरडायची. मुलगी यांच्याकडे राहायला निघाली तेव्हा आईने बजावलं होतं, की घरातल्या बाईला मावशी म्हण, म्हणजे परकं वाटणार नाही. टपालबाईंनी विचारलं, मावशी म्हणजे कोण? आईची बहीण, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, मग तुझ्या आईला कळव, की मला न विचारता पोरीला एवढ्या लांब धाडलं म्हणून बहीण रागावली आहे. तेव्हापासून त्या मावशी झाल्या, आणि त्यांचा नवरा आपोआप काका.

काकांचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं. छातीचं दुखणं मागे लागल्यावर ते बंद केलं, पण हत्यारांची पेटी घरी आणून ठेवली. नाकासमोर बघून चालणारा, चार शब्दांत काम भागवणारा माणूस. मुलीच्या वडिलांनी मोठ्या हौसेने घेऊन दिलेले नवे बूट त्यांनी पहिल्याच दिवशी उचलून, उलटेसुलटे करून पाहिले आणि काही न बोलता परत ठेवले. सकाळी बघते तर आत मऊ कातड्याची पट्टी बसवलेली होती. बूट चावत होते हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

घराचं पुढचं दार उघडलं की एक अरुंद बोळ लागायचा. एका बाजूला कोट अडकवायच्या खुंट्या, दुसऱ्या बाजूला झाकणाचं बाकडं. दुपारी मावशी कामावरून आल्या की त्या बाकड्यावर धपकन बसायच्या आणि बूट काढायच्या. काका स्वयंपाकघरातून हात पुसत यायचे, बूट उचलायचे, टाच बघायचे आणि सांगायचे, आज टेकडीकडची गल्ली केलीस, किंवा आज पिशवी डाव्या खांद्यावर होती. बहुतेक वेळा बरोबर असायचं. मावशी मुलीला म्हणायच्या, लोकांचे नवरे बायकोचं तोंड बघतात, माझ्या नशिबी टाचा बघणारा आला. असं रोज. मुलगी हसायची आणि आपल्या खोलीत जायची.

आता क्लबचं. मुलीला पाठवलं होतं एका सेवाभावी क्लबने आणि बोलावलंही होतं त्याच क्लबच्या इथल्या शाखेने. क्लब म्हणजे बिल्ले, भाषणं आणि फोटो अशी तिची पक्की समजूत. त्या तयारीनेच ती आली होती. आपल्या देशाची माहिती देणारी चित्रं, त्यावर पाठ केलेलं भाषण, शेवटी दोन विनोद. पहिल्या बैठकीत तिने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, दातांच्या डॉक्टरांनी तिकडच्या हवेबद्दल विचारलं, आणि मग नळदुरुस्तीवाला म्हणाला, "छान. तुला पाना धरता येतो का?"

पान्याचं कारण शनिवारी कळलं. जुन्या लाकडाच्या वखारीमागे क्लबची एक शेड होती. आत दवाखान्यात असतात तशा लोखंडी खाटा, चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, आधाराने चालायच्या चौकटी. गावात कुणी घरी आजारी पडलं की यातलं लागेल ते क्लबची माणसं स्वतः नेऊन बसवायची, आणि गरज संपली की स्वतःच घेऊन यायची. गरज कशी संपली हे कुणी विचारायचं नाही. दर शनिवारी सगळे जमून परत आलेलं सामान धुवायचे, तेल घालायचे, ब्रेक तपासायचे. पाहुणी म्हणून मुलीला चाकांत गुंडाळलेले केस चिमट्याने काढायचं सोपं काम मिळालं. एकाच चाकात काळे केस, पांढरे केस, लहान मुलाच्या लोकरी टोपीचा धागा. किती घरांतून ते चाक फिरून आलं असेल या विचाराने तिचा हात थांबला. नळवाला म्हणाला, "विचार घरी जाऊन कर, अजून तीन चाकं आहेत."

दुपारी एका घरी खाट पोचवायची होती. दोन तुकड्यांत उघडणारी ती खाट जिन्यावरून कशी वळवायची हे मावशी, त्याही क्लबच्याच, गाडीतच सांगत होत्या. टपाल वाटून वाटून गावातला प्रत्येक जिना त्यांच्या पायांना पाठ होता. खोलीत खाट जोडली, गादी घातली, चादर ताणून बसवली. आणि मग मावशींनी बूट काढले, भिंतीशी नीट जोडीने ठेवले, आणि त्या चक्क खाटेवर चढून उताण्या झोपल्या.

मुलगी बघतच राहिली. परक्याच्या घरात, घरची माणसं दारात उभी असताना, टपाल खात्याच्या गणवेशातली एवढी धिप्पाड बाई हात छातीवर घेऊन आढ्याकडे बघत पडली होती, आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. दातांचे डॉक्टर आणि नळवाला बाजूला उभे राहिले. बऱ्याच वेळाने मावशी म्हणाल्या, दिव्याचा गोळा सरळ डोळ्यांत येतोय. नळवाल्याने दिव्याला आडोसा केला. मग म्हणाल्या, या बाजूने पाण्याचा पेला हाताला लागत नाही, आणि पायांकडच्या भिंतीवर जे कॅलेंडर आहे ते गेल्या वर्षीचं आहे, काढा ते. खाट थोडी फिरवली, स्टूल सरकवलं, कॅलेंडर निघालं. मावशी उठल्या, चादर परत ताणली, बूट घातले. आजारी माणसाला आत आणलं तेव्हा खोली जणू त्याचीच वाट बघत होती.

हा क्लबचा नियम होता. खाट नेणाऱ्याने आधी स्वतः तिच्यावर झोपायचं. जो झोपेल तो सांगेल तसं बाकीच्यांनी करायचं, वाद घालायचा नाही. आणि आपल्या घरच्या माणसाच्या खाटेवर आपण झोपायचं नाही, कारण घरच्याला खोली दिसत नाही, माणूसच दिसतो.

नियम केला होता मावशींनी. खूप वर्षांपूर्वी त्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि अख्खा उन्हाळा अंथरुणाला खिळल्या. खाट ठेवली होती आरशाच्या कपाटासमोर, त्यामुळे दिवसभर समोर स्वतःचंच तोंड. स्वतःचा एवढा कंटाळा माणसाला कधी येऊ नये, असं त्या सांगायच्या. घरातल्या कुणाला सुचलं नाही आणि त्यांनाही सांगावंसं वाटलं नाही, आधीच सगळे आपल्यापायी राबताहेत म्हणून. त्या दिवसांत काका त्यांचे चालायचे बूट दर आठवड्याला तेल लावून पुसायचे. घालणारी आडवी पडली म्हणून कातड्याने आखडायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. बऱ्या झाल्यावर त्या क्लबमध्ये आल्या आणि पहिल्याच घरी कुणाला न विचारता खाटेवर आडव्या झाल्या. लोक हसले. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी स्वतः बूट काढले.

मुलीने हे सगळं फोनवर आईला सांगितलं. आई म्हणाली, लोकांच्या अंथरुणात कसल्या झोपता, आणि तू जेवलीस का? पण मुलीला त्या आठवड्यात दुसरं काही सुचेना. समाजसेवेवरच्या निबंधात बक्षीस मिळवलेली मुलगी ती. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघावं, हे वाक्य तिनेच कितीदा लिहिलं होतं. ते कुणी असं गादी-उशीसकट करत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती अगदी भारावून गेली होती. आणि भारावलेल्या माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. तिला स्वतः झोपून बघायची घाई झाली.

संधी मिळाली ती एका शिवणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी. मावशी म्हणाल्या, आज तू झोप. मुलीने बूट काढले, झोपली, आणि मान वळवली तर खिडकीतून नदी. पाणी, पलीकडची झाडं, वरून जाणारे पक्षी. एवढी सुंदर गोष्ट समोर असताना खाट भिंतीकडे तोंड करून कशी ठेवायची? तिने खाट पूर्ण फिरवायला लावली. नियमाप्रमाणे कुणी हूं की चूं केलं नाही. शिवणवाल्या बाईंना आणून झोपवलं. त्या नदीकडे बघून हसल्या आणि त्यांनी मुलीचा हात दाबला. मुलगी दोन दिवस जमिनीवर नव्हती.

आठवड्याने बोल्ट आवळायला परत जायचं असतं. गेले तर बाईंची मान धरलेली. दिवसभर त्या मान उलटी पिळून मागे बघत होत्या, कारण मागे स्वयंपाकघराचं दार होतं आणि त्या दारातून लेक आणि नातवंडं जात-येत होती. का सांगितलं नाही असं विचारल्यावर म्हणाल्या, एवढ्या लांबून आलेल्या पोरीने इतक्या प्रेमाने नदी दिली, तिचं मन कशाला मोडा? नळवाल्याने खाट फिरवली. मुलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

गाडीत ती रडली. मावशी गाडी चालवता चालवता म्हणाल्या, "नदी छान आहे, पण ती तुला आवडली. खाटेत शिरताना स्वतःला बाहेर ठेवायचं असतं. बूट ठेवतो ना, तसं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, मीसुद्धा एकाला खिडकीतून बाजाराचा रस्ता दाखवला होता, तो कानात बोळे घालून झोपायचा. त्यानंतर मुलीला कुणी झोप म्हटलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. ती चाकांतले केस काढत राहिली, ब्रेक बसवायला शिकली, पाना तर आता तिला झोपेतही धरता आला असता.

आणि मग काकांना दवाखान्यात न्यावं लागलं. गेले ते बरेच दिवस तिथेच राहिले, आणि एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी मावशींना बोलावून सांगितलं, की आता इथे करण्यासारखं काही नाही, घरी न्या, काही महिने मिळाले तर मिळाले. मावशी तशाच शेडमध्ये आल्या. शनिवार होता, सगळे होते. त्यांनी नेहमीसारखी एक खुर्ची पुढ्यात ओढली आणि तिचा ब्रेक तपासायला लागल्या. माझ्याकडे खाट लागेल, एवढंच बोलल्या.

कुणी झोपायचं हा प्रश्नच नव्हता. क्लबमधले दातांचे डॉक्टर काकांचे जुने मित्र, ते झोपणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. मावशी ब्रेकवरून मान न उचलता म्हणाल्या, "पोरगी झोपेल."

मुलगी पांढरीफटक पडली. तिने शिवणवाल्या बाईंची आठवण करून दिली. ती चूक आता करून झाली, मावशी म्हणाल्या, करायची तर दुसरी कर. नळवाल्याने नियमावर बोट ठेवलं, ही पण आता घरचीच की. त्यावर मावशींनी पहिल्यांदा वर बघितलं. "आपल्या देशी परत जाणारं माणूस अर्धंच घरचं असतं," त्या म्हणाल्या. "अर्धी घरची आहे, म्हणून त्याला ओळखते. अर्धी नाही, म्हणून तिला नीट दिसेल."

मुलीला ते लागलं. पण खोटं नव्हतं, हेही तिला कळलं.

तर काका यायच्या दिवशी मावशी दवाखान्यात होत्या, आणि घरात डॉक्टर, नळवाला आणि मुलगी. खाट सगळ्यांनी न बोलताच मागच्या खोलीत नेली. घरातली सगळ्यात चांगली खोली ती. मोठी खिडकी, बाहेर अंगणातलं झाड, दुपारचं ऊन थेट पायांवर. शांत. खाट जोडली, चादर ताणली. मुलीने बूट काढून भिंतीशी जोडीने ठेवले आणि झोपली. आधी तिला रडू आलं. ते दोघं दुसरीकडे बघत उभे राहिले. रडून झाल्यावर ती नुसती पडून राहिली.

झाड छान होतं. इतकं छान की तिला त्याचा संशय आला. तिने काकांना त्या झाडाकडे बघताना कधी पाहिलं होतं? आठवेना. ते कुठे बघायचे? ते खाली बघायचे. माणूस खोलीत आला की आधी त्याच्या पायांकडे, मग सवड झाली तर तोंडाकडे. ती आणखी पडून राहिली. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी चालत गेलं, तिला नीट ऐकू आलं नाही. ती कान देऊन राहिली. पुढचं दार इथून दिसत नव्हतं. दुपारी ते दार उघडेल, बाकडं करकरेल, आणि मग मावशी या खोलीत येतील. येतील त्या घरातल्या चपला घालून.

ती ताडकन उठून बसली. "इथे नाही," ती म्हणाली. "बोळात. बाकड्यासमोर."

नळवाल्याने डॉक्टरांकडे बघितलं. बोळात खाट म्हणजे शुद्ध अडचण. खुंट्या काढाव्या लागणार, दार जेमतेम अर्धं उघडणार, आल्यागेल्याला अंग चोरून शिरावं लागणार. ना खिडकी, ना ऊन, समोर नुसतं एक बाकडं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हा त्यांचा तरुणपणापासूनचा मित्र, आणि त्याने आपले शेवटचे महिने बूट काढायच्या जागी काढायचे.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की," मुलगी म्हणाली. खात्री तिला कसलीच नव्हती.

डॉक्टर वाकले आणि त्यांनी खाटेचा बोल्ट सैल करायला घेतला. नळवाला पेचकस घेऊन खुंट्यांकडे गेला. मुलगी नुसत्या मोज्यांवर तिथेच उभी राहिली आणि तिच्या अंगावर काटा आला. तिच्या घरी कपाट कुठे ठेवायचं यावरून बाबा आणि आत्या महिनाभर एकमेकांशी बोलले नव्हते. आणि इथे केस पिकलेली दोन माणसं, ज्यांना हे साफ चुकीचं वाटत होतं, ती एका सोळा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर गुडघे टेकून काम करत होती. त्यांचा विश्वास तिच्यावर होता की त्या झोपण्यावर, हे तिला कळेना. जगात अशी माणसं असतात याचंच तिला इतकं नवल वाटलं, की मदत करायची शुद्ध यायलाही वेळ लागला.

संध्याकाळी काकांना आणलं. मावशी पुढून आत शिरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. बोळातली खाट, भिंतीवर खुंट्यांची भोकं. "इथे?" त्या म्हणाल्या. "येत्याजात्याच्या पायात?" मावशींचा चेहरा लाल झाला, ओठ आवळले गेले. पण नियम त्यांचाच होता. त्यांनी गिळलं, आणि नवऱ्याच्या पाठीखाली हात घातला. काकांना तर डोळे उघडायचंही त्राण नव्हतं. ते झोपून गेले. जेवताना मावशींनी मुलीच्या ताटात नेहमीसारखं बळेच वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर जाणार नव्हत्या. काकांनीच हाताने जा जा अशी खूण केली. मुलीने शाळा बुडवली. ती दिवसभर खाटेच्या उशाशी बसून होती. काका जागे झाले, थोडं पाणी प्यायले, समोर बघत राहिले. समोर बाकडं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, आपल्याला काय कळलं होतं, असं तिला राहून राहून वाटू लागलं. नदी देऊन एकीची मान मोडली, आता याला झाडसुद्धा ठेवलं नाही. डॉक्टरांना फोन करावा, खाट परत मागे न्यावी, मावशी यायच्या आत सगळं होईल. ती उठलीसुद्धा. तेवढ्यात रस्त्यावर पावलं वाजली.

काकांनी मान थोडी वळवली. दार अर्धं उघडून खाटेला टेकलं. मावशी आधी पिशवी, मग स्वतः, अशा अंग चोरून आत आल्या आणि बाकड्यावर धपकन बसल्या. त्यांचे गुडघे खाटेला लागत होते, इतकी कमी जागा. त्यांनी वाकून डावा बूट काढला. ठेवायला जागा शोधत होत्या, तोच पांघरुणातून काकांचा हात बाहेर आला आणि तळवा वर करून थांबला.

मावशी त्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बूट त्यावर ठेवला. वजनाने हात खाली गेला, तर त्यांनी खालून स्वतःचा हात लावला. काकांनी बूट हळूहळू उलटा केला. अंगठा टाचेवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"टेकडीकडची गल्ली," ते म्हणाले. आवाज फार बारीक होता. "परत तुझ्याच गळ्यात मारली."

"मारली," मावशी म्हणाल्या. "दुसरं कोण करतंय." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हात बुटाखाली होते. त्यांनी तशीच मान वळवून मुलीकडे बघितलं. मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. बाकड्यावर थोडं सरकून त्यांनी तिच्यापुरती जागा केली.

मुलगी जाऊन बसली. काकांनी बूट पोटाशी ठेवून घेतला आणि हात पुन्हा पुढे केला.

"दुसरा बघू," ते म्हणाले.